जीवरक्षकाने भाच्याला समुद्रातून काढलं, पैसे घेत नाही म्हणाला. आभार कसे मानायचे?

पुणेरी_प्रवासी

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबेल थोडा, सांभाळून घ्या.

कोजागिरीला आम्ही घरचे 14 जण दोन गाड्या करून रत्नागिरीच्या बाजूला गेलो होतो, बीचचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, थोडं लवंडलो आणि साडेतीनला सगळे पाण्यात. तिथे एक जीवरक्षक होता, पंचविशीतला मुलगा, लाल टीशर्ट, गळ्यात शिट्टी. त्याने आम्हाला दोनदा शिट्टी मारून उजवीकडे सरका म्हणून हात केला. दुसऱ्या वेळी तर तो चालत आला आणि म्हणाला, दादा इथे पाण्याला ओढ आहे, गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. आमचे मेहुणे त्याला म्हणाले, अरे आम्हाला पोहता येतं, रोज टँकवर जातो आम्ही. मी शेजारीच उभा होतो आणि मी काही बोललो नाही, ही गोष्ट मला अजून झोपू देत नाहीये.

साधारण चार चाळीसला माझा 19 वर्षांचा भाचा कमरेइतक्या पाण्यात होता, एक लाट आली, ती परत जाताना त्याच्या पायाखालची वाळूच गेली आणि बघता बघता तो आमच्यापासून तीस-चाळीस फुटांवर. आम्हाला वाटलं पोहतोय. खरंच वाटलं, कारण तो ओरडला नाही, हात हलवले नाहीत, काही नाही. त्याची आई किनाऱ्यावरून त्याचे फोटो काढत होती. जीवरक्षकाला मात्र कळलं. तो आमच्या बाजूने पळत गेला, सरळ भाच्याच्या दिशेने नाही तर थोडं बाजूने पाण्यात घुसला आणि ती लाल लांबुळकी ट्यूब मागे ओढत पोहत गेला. आठ-दहा मिनिटं लागली असतील परत यायला. मला तास वाटला.

बाहेर आल्यावर भाच्याला कुशीवर झोपवला, श्वास बघितला, नाडी बघितली, ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात न्या म्हणून आमच्या मागे लागला. मग स्वतः वाळूत बसला, गुडघ्यावर हात ठेवून, आणि खारं पाणी ओकला. त्याचे पाय मला दिसले, टाचा मिठाने फुटून पार भेगाळलेल्या. मी खिशातले होते तेवढे पैसे काढले तर मान हलवली. म्हणाला "पैसे नको दादा, ती तिकडची पोरं माझं ऐकत नाहीत, तुम्ही जाऊन सांगा त्यांना बाहेर यायला". मग एका वहीत भाच्याचं नाव, वय, गाव, वेळ लिहून घेतलं आणि परत खुर्चीवर जाऊन बसला.

भाचा ठीक आहे, एक रात्र दवाखान्यात ठेवला होता. आता दोन प्रश्न. एक, या मुलाचे आभार नीट कसे मानायचे, पैसे तो घेणार नाही. आणि दोन, दिवाळीनंतर ताई म्हणतेय परत तिथेच जाऊ, त्याला भेटू. घरात अर्धे लोक आता समुद्राचं नाव काढू देत नाहीत. जावं का, आणि गेलो तर काय काय बघायचं? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

---

चहा_भजी

वाचताना अंगावर काटा आला. भाचा सुखरूप आहे हे वाचून हायसं वाटलं. त्या मुलाला माझाही नमस्कार सांगा.

गोव्याला वरचेवर जाणं होतं म्हणून एक सांगतो. तिथे 2008 पासून सरकारने किनाऱ्यांवर जीवरक्षक नेमलेत, दृष्टी मरीन या कंपनीची माणसं असतात. लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच पोहायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचंच नाही, पावसाळ्यात बहुतेक तसंच असतं. आपल्याकडे सगळीकडे झेंडे नसतात, मग माणूस काय सांगतो तेच झेंडा समजायचं.

---

तळकोकणची

माझा सख्खा भाऊ जीवरक्षक आहे त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

दादा, तुम्ही धागा काढलात हेच खूप आहे. आमच्या भावाने चार सीझनमध्ये किती जणांना काढलं ते तो घरी पण धड सांगत नाही. परत फोन करणारे दोन जण. बाकीचे लाजेने असेल किंवा घाबरून, गाडीत बसतात आणि निघून जातात. त्यांचा राग नाही, पण तो ते लक्षात ठेवतो. एका बाईंनी दुसऱ्या वर्षी येऊन मुलाला पाया पडायला लावलं होतं, ते तो अजून सांगतो.

आमच्याकडे हे काम कंत्राटावर असतं, ग्रामपंचायत नेमते. पगार कधी दोन महिन्यांनी येतो कधी तीन. दिवसभर उन्हात उभं राहायचं, आणि लोक काय बोलतात ते तुम्ही ऐकलंच. "तू कोण सांगणारा", "समुद्र काय तुझ्या बापाचा आहे का". दारू पिऊन आलेले असतील तर अंगावर येतात. भाऊ म्हणतो पाण्याची भीती नाही वाटत, पाणी कळतं, माणूस कळत नाही.

म्हणून काय करा, एक पत्र लिहा. साध्या कागदावर, तारीख वेळ घालून, त्या दिवशी काय झालं ते जसं इथे लिहिलंय तसंच. ते ग्रामपंचायतीला द्या, एक प्रत कलेक्टर ऑफिसला, एक प्रत त्याला स्वतःला. पुढच्या वर्षी कंत्राट नवीन करताना ते पत्र त्याच्या उपयोगी पडतं. आमच्या भावाने अशी दोन पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या ट्रंकेत ठेवलीत. आणि फोन करून विचारा सामानाला काय हवंय. ट्यूब, दोरी, दुर्बीण, टोपी, साधी चांगली शिट्टी सुद्धा. या मुलांच्यात बरेच जण पदरच्या पैशांनी घेतात.

---

रविवार_सकाळ

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. सगळीकडे असे जीवरक्षक नसतात. मे महिन्यात आम्ही ज्या बीचवर गेलो तिथला टेहळणी मनोरा रिकामा होता, दुसऱ्या ठिकाणी एक जण होता तो पूर्ण वेळ मोबाईलमध्ये. लोकांनी भरवसा कुणावर ठेवायचा?

---

तळकोकणची

@रविवार_सकाळ राग नाही. असे असतात, नाकारत नाही. पण दोन-तीन किलोमीटरच्या पुळणीवर दोन माणसं, त्यात एक जेवायला गेला की एकच, हे पण बघा. रिकामा मनोरा दिसला तर तिथे पाण्यात उतरायचं नाही. घोट्याएवढ्या पाण्यात पाय भिजवा, शहाळं प्या, सूर्यास्त बघा. आणि घरी आल्यावर पंचायतीला लिहा की मनोरा रिकामा होता. लोक फक्त माणूस बुडाला की लिहितात.

---

सिडनीकर

मी मूळची सांगलीची, कृष्णेत पोहायला शिकले, 11 वर्षं झाली इकडे. तुमचं वाचलं आणि आमच्या इथला पहिला उन्हाळा आठवला. मला पण वाटायचं नदीत पोहता येतं म्हणजे झालं. समुद्र वेगळा असतो हे इथे एका लाइफगार्डने मला अर्धा तास उभं करून शिकवलं, त्या माणसाची मी जन्मभर ऋणी आहे.

इथे ही परंपराच फार जुनी. बाँडाय बीचवरचा सर्फ लाइफसेव्हिंग क्लब 1907 चा. शनिवार-रविवारी लाल-पिवळी टोपी घालून उभे असतात ते स्वयंसेवक, कुणी शिक्षक कुणी प्लंबर, एक पैसा घेत नाहीत. 1938 मध्ये 6 फेब्रुवारीला, रविवार होता, बाँडायला एकामागून एक मोठ्या लाटा आल्या आणि शेकडो लोक एकदम आत ओढले गेले. त्या दिवशी क्लबचे लोक भरपूर संख्येने हजर होते म्हणून जवळजवळ सगळे वाचले, पाच जण गेले. इथे त्याला ब्लॅक संडे म्हणतात.

आता तुमच्या भाच्याला जे झालं ते. त्याला रिप करंट म्हणतात, आपल्याकडे लोक अंडरकरंट म्हणतात पण तो खाली ओढत नाही, तो किनाऱ्यापासून लांब समुद्रात ओढतो, हा फरक कळला तर जीव वाचतो. लाटा वाळूच्या बांधावर फुटतात, पाणी किनाऱ्याशी जमा होतं, त्याला परत जायला वाट लागते आणि ते जिथे बांध तुटलेला असेल तिथून एका पट्ट्याने जोरात समुद्रात परत जातं. जोरात म्हणजे कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्या वर, ऑलिंपिकचा पोहणारा पण त्याच्याविरुद्ध टिकणार नाही. आणि फसवं काय, तर तो पट्टा दिसायला सगळ्यात शांत असतो. बाजूला दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मधे गडद, सपाट पाणी. आपले लोक मुलांना घेऊन नेमके तिथे जातात, "इकडे लाटा कमी आहेत" म्हणून. मी माझ्या आईबाबांना हे तीन वेळा करताना पाहिलंय.

म्हणून उतरायच्या आधी जरा उंचावर उभं राहून दहा-पंधरा मिनिटं नुसतं पाणी बघायचं. लाटा कुठे फुटत नाहीत? फेस आणि गढूळ वाळू कुठून बाहेर चाललीये? ती जागा सोडायची.

आणि सापडलोच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही, लोक बुडतात ते दमून बुडतात. पाठीवर पडायचं, तरंगायचं, एक हात वर करायचा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहायचं जिथे लाटा फुटतायत, मग त्या लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. तुमचा जीवरक्षक सरळ न जाता बाजूने का घुसला असं वाटलं ना तुम्हाला, त्याला ते सगळं पाणी डोळ्यासमोर दिसत होतं.

---

भूलतज्ज्ञ

दवाखान्यात बुडालेले रुग्ण बघतो म्हणून थोडं लिहितो.

"आम्हाला वाटलं पोहतोय" हे वाक्य मी इतक्या नातेवाइकांच्या तोंडून ऐकलंय. स्वतःला दोष देऊ नका. बुडणारा माणूस ओरडत नाही कारण ओरडायला श्वास लागतो आणि त्याचं तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं. हात वर करून हलवत नाही कारण ते नकळत बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतात. डोकं मागे, तोंड उघडं, केस कपाळावर, शरीर उभं, पाय चालत नाहीत. शिडी चढल्यासारखं दिसतं. असं एक मिनिटभर चालतं, कधी त्याच्याही आत संपतं. म्हणून मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फोन ठेवून फक्त त्यांच्याकडे बघायचं, हे काम वाटून घ्या, अर्धा-अर्धा तास.

दुसरं, वाचवायला म्हणून मागोमाग उडी मारू नका. 2016 च्या फेब्रुवारीत मुरुडला पुण्याच्या कॉलेजची सहल गेली होती, 14 मुलं-मुली गेली. आठवलं की अजून घशाशी येतं. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असं होऊन एका घरातले तीन-चार जातात हे दर वर्षी पेपरमध्ये असतं. काहीतरी तरंगणारं फेका: झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, थर्माकोलचा डबा, फुगवलेला बॉल, दोरी, ओढणीला ओढणी बांधून. आणि जीवरक्षकाला हाक मारा, 112 लावा. किनाऱ्यावर पोलिसांच्या सागरी सुरक्षेचा 1093 आणि तटरक्षक दलाचा 1554 हे पण सेव्ह करून ठेवा.

तिसरं, बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं, गरगर फिरवणं, हे आजही चालतं. कृपा करून करू नका. पोटातलं पाणी बाहेर येऊन फुफ्फुसात जातं आणि महत्त्वाची मिनिटं वाया जातात. श्वास चालू असेल तर कुशीवर, जसं त्या मुलाने केलं, अगदी बरोबर केलं त्याने. श्वास नसेल तर बुडालेल्या माणसाला आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, 30 दाब आणि 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने, मदत येईपर्यंत. आणि शुद्धीवर आला, हसतोय, बोलतोय, तरी दवाखान्यात. फुफ्फुसाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो. तो दवाखान्यात न्या म्हणून मागे लागला, त्याला कुणीतरी नीट शिकवलंय आणि त्याने ते मनापासून घेतलंय.

---

खारं_पाणी

मी कोळीवाड्यातला, बोट आहे आमची. सगळ्यांनी छान लिहिलंय, भरतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

दादा तुम्ही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गेलात म्हणजे पौर्णिमा होऊन एक दिवस. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि उतरताना पण तेवढंच जास्त उतरतं. आमच्याकडे आज्या पंचांगावरून वेळ काढायचा, अजून तीच चालते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी म्हणजे 8, पाऊणपट 6, सहाला भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा येतात, धरा बारा. प्रतिपदेला पाऊण वाजता. मग तिथून सहा-सव्वासहा तास ओहोटी. म्हणजे तुम्ही साडेतीनला उतरलात तेव्हा पाणी उतरायला लागून अडीच-तीन तास झालेले, ओढ सगळ्यात जास्त असते ती याच वेळी, आणि खाडीचं तोंड जवळ असेल तर विचारूच नका. जेवून खाऊन दुपारी चारला समुद्रावर जायचं हे पर्यटकांचं टायमिंग आणि उधाणाच्या ओहोटीचं टायमिंग एकच पडतं. तुमचा जीवरक्षक सांगत होता ते यामुळे. दोन तास आधी त्याच जागी तो कदाचित काही बोलला पण नसता.

अजून एक, पावसाळ्यात आम्ही पण बोट काढत नाही. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ वाहतो मग दर्यात जातो. ज्यांचं पोट दर्यावर आहे ते दोन महिने थांबतात, आणि लोक जुलैच्या वीकेंडला खडकावर फोटो काढायला उभे असतात. हात जोडून सांगतो, नका येऊ त्या दिवसांत पाण्याजवळ.

जेली फिश, ब्लू बॉटल पावसाच्या दिवसांत किनाऱ्याला लागतात, निळा फुगा आणि लांब दोरे. पाय पडला तर वाळूने चोळू नका, समुद्राच्या पाण्याने धुवा, सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा. पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, स्टिंग रे) मारलं तरी गरम पाणीच आणि मग दवाखाना. गिरगावला 2013 च्या विसर्जनाला खूप लोकांना पाकटांनी मारलं होतं, तेव्हापासून आमची पोरं वाळूत पाय घासत चालतात, पाय उचलून टाकत नाहीत. घासत गेलं की पाकट आधीच पळतं.

---

पुणेरी_प्रवासी

सगळ्यांना काय लिहू. घरी मोठ्याने वाचून दाखवलं, मेहुणे पूर्ण वेळ खाली मान घालून ऐकत होते आणि शेवटी म्हणाले पत्र मी लिहितो. त्यांनीच लिहिलं. "त्याने मला दोनदा सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही" हे वाक्य त्यांनी स्वतःहून घातलंय. पंचायतीला आणि कलेक्टर ऑफिसला रजिस्टर पोस्टाने गेलं, त्याची प्रत हातात देणार.

रुग्णालयातल्या सिस्टरांकडून त्याचा नंबर मिळाला, काल फोन केला. आधी ओळखलंच नाही, मग "तो पिवळ्या चड्डीतला का, बरा आहे ना" म्हणाला. तुम्ही सांगितलंत तसं सामानाचं विचारलं. खूप वेळ नको नको. मग हळूच म्हणाला, त्या ट्यूबचा पट्टा त्या दिवशी तुटला, गाठ मारून वापरतोय. म्हणजे गेले दहा-बारा दिवस तो गाठ मारलेल्या पट्ट्यावर लोकांना आणायला जातोय. दोन रेस्क्यू ट्यूब आणि 50 मीटरची तरंगणारी दोरी मागवली, परवा येतील. टाचांसाठी ताईने मलम घेतलंय, ते तिचं तिने ठरवलं.

जातोय आम्ही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, तृतीया. @खारं_पाणी साहेब हिशोब तपासा: 3 ची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती पूर्ण. त्याआधी सकाळी आठच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. तर सकाळी नऊ ते साडेबारा पाणी चढतं असताना उतरायचं, गुडघ्यापर्यंत, आणि जेवणानंतर कुणीही पाण्यात जायचं नाही. बरोबर आहे का?

---

खारं_पाणी

हिशोब बरोबर. फक्त अमावस्येनंतरचं उधाण अजून चालू असेल, पाणी भराभर चढतं, सामान आणि लहान पोरं वर ठेवा. आणि ही वेळ मुंबईची, दक्षिणेला भरती थोडी आधी येते, म्हणून साडेबारा नाही साडेअकरालाच बाहेर या. तो मुलगा सकाळी किती वाजता येतो ते विचारलं का? तो खुर्चीवर बसल्याशिवाय उतरू नका.

---

पुणेरी_प्रवासी

विचारलं. साडेआठला येतो म्हणाला. आम्ही सव्वाआठला जाऊन त्याची वाट बघतो.